पुण्यात राहायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांशी आपण मराठीतच बोलावे का?

धागाकर्ती (मराठीची शिक्षिका, पुणे)

गेली १४ वर्षे मी पुण्यात शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते आहे. परदेशी माणूस समोर आला की आपण, त्याने मराठीत सुरुवात केलेली असली तरीही, लगेच इंग्रजीकडे किंवा हिंदीकडे वळतो. पाहुण्याला त्रास होऊ नये, एवढाच आपला हेतू असतो. परंतु ज्याला येथे तीन-चार वर्षे राहायचे आहे, मंडईत भाजी घ्यायची आहे, बसने फिरायचे आहे आणि रात्री ताप भरल्यास शेजारचे दार वाजवायचे आहे, त्याला या सौजन्यामुळे आपण उंबऱ्याबाहेरच उभे ठेवतो, असे माझे ठाम मत झाले आहे. म्हणून सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ राहायला आलेल्या परदेशी व्यक्तीशी आपण आवर्जून, सावकाश आणि फक्त मराठीत बोलावे, असे मी येथे मांडते.

या शहराचे रोजचे व्यवहार किती मराठीत चालतात, हे आपल्याला सवयीमुळे जाणवत नाही. पीएमपीच्या अनेक बसच्या पाटीवर मार्गाचा क्रमांक देवनागरी आकड्यांत असतो. नव्या माणसाला त्यातला १ हा इंग्रजी नऊसारखा, ५ हा चारसारखा आणि ७ हा सहासारखा दिसतो, आणि तो पूर्ण खात्रीने चुकीच्या बसमध्ये चढतो. दुकानदार ‘पावणेदोनशे’, ‘सव्वाशे’, ‘अडीचशे’ असे भाव सांगतो. शंभरापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो, आणि एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, हे कोणी समजावून सांगितल्याशिवाय उमगत नाही. नळ दुरुस्त करणारा ‘परवा येतो’ म्हणतो, आणि तोच ‘परवा’ मागे गेलेल्या दिवसालाही लागतो. ‘बघू’ हे उत्तर बहुतेक वेळा नकाराचे असते, हे कळायला माझ्या विद्यार्थ्यांना निदान एक सत्र लागते.

माझा एक विद्यार्थी खोली सोडताना घरमालकिणीच्या आईला ‘आजी, मी जातो’ म्हणाला. आजींनी त्याला जिन्यावरून परत बोलावले, दारात उभे केले आणि ‘येतो म्हणावं’ असे सांगून ते त्याच्याकडून वदवून घेतले. त्या आजी इंग्रजी बोलत असत्या, तर हा निरोप त्याला कधीच मिळाला नसता. मूळच्या अमेरिकेच्या मॅक्सिन बर्नसन फलटणला येऊन राहिल्या, तेथील बोलीचा त्यांनी भाषाशास्त्रीय अभ्यास केला, भारतीय नागरिकत्व घेतले आणि प्रगत शिक्षण संस्था उभी केली. या सगळ्याच्या मुळाशी लोकांशी त्यांच्या भाषेत झालेले बोलणे होते, असे मी मानते.

घरमालक, कोथरूड

ताईंच्या तळमळीबद्दल मला पूर्ण आदर आहे, तथापि त्यांनी लावलेला क्रम मला मान्य नाही. मी नऊ वर्षांपासून माझी एक सदनिका परदेशी विद्यार्थ्यांना भाड्याने देत आलो आहे आणि त्यांचे पहिले पंधरा दिवस मी जवळून पाहिले आहेत.

मुलगा राहायला आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती मी ऑनलाइन भरायची असते. तिला आम्ही सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतो. त्याचा विद्यार्थी व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत त्याने परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते. त्यासाठी पत्त्याचा पुरावा हवा, म्हणजे भाडेकरार हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी माझी आहे. घरबसल्या होणारी नोंदणी आधारच्या ठशांवर चालते आणि आधार मिळण्यासाठी मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात वास्तव्य झालेले असावे लागते, त्यामुळे नवा आलेला मुलगा तेथे अडतो. मग आम्ही दोघे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात रांगेत उभे राहतो. तोपर्यंत त्याचे बँकेत खाते नसते. खाते नाही म्हणून भाजीच्या गाडीवरचा क्यूआर कोड त्याच्या कामाचा नसतो, आणि भारतीय मोबाइल क्रमांक नाही म्हणून कोणताही ओटीपी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. एक कागद दुसऱ्या कागदावर अडलेला असतो आणि दुसरा पुन्हा पहिल्यावर.

या दिवसांत त्याला भाषेच्या गोडीपेक्षा हे कागद नीट समजावून सांगणारा माणूस हवा असतो, आणि ते समजावणे त्याला येत असलेल्या भाषेतच झाले पाहिजे. ज्या करारावर तो सही करणार, त्यातील अनामत रक्कम कशी परत मिळेल, हे त्याला मराठीत ऐकवून मी माझे समाधान करून घेतले, तर तो अन्याय ठरेल. ‘फक्त मराठीत’ हा आग्रह म्हणूनच मला धोक्याचा वाटतो.

मूळचा साताऱ्याचा, सध्या स्टुटगार्टजवळ

मी परदेशी म्हणून ११ वर्षे जगतो आहे, म्हणून दोन्ही बाजूंचे मला पटते, पण पूर्णपणे कोणाचेच नाही. येथेही नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते, आणि नोंदणीच्या खिडकीवरच्या बाई माझ्याशी जर्मनच बोलत होत्या. तेव्हा मला फार राग आला होता. कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या बाईही जर्मनच बोलत राहिल्या, परंतु माझे वाक्य पूर्ण होईपर्यंत त्या थांबत असत, आणि मी जे शिकलो ते त्यांच्या काउंटरसमोर शिकलो. भाषा तीच होती. फरक थांबण्यात होता.

मात्र जर्मनीत नवागतांसाठी सरकारी अनुदानातून अभ्यासक्रम चालतो आणि त्यात साधारणपणे ६०० तास भाषेचे व १०० तास समाजजीवनाचे असतात. पुण्यात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे मराठीचे वर्ग आहेत, परंतु बी.कॉम.साठी आलेल्या येमेनी किंवा केनियन मुलाने मराठी कोठे शिकायची? त्याच्या वेळापत्रकात ती नाही आणि त्याच्या शुल्कातही ती धरलेली नाही. शिकण्याची सोय न करता धरलेला आग्रह ही केवळ अडवणूक होते.

निवृत्त प्राध्यापक, पुणे

मी धागाकर्तींच्या मताच्या विरोधात आहे. मॅक्सिन बर्नसन यांचे उदाहरण थोर आहे, परंतु ज्यांनी आयुष्य येथे घालवायचे ठरवले त्यांचे माप तीन वर्षांची पदवी घेऊन घरी परतणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला लावू नये. त्याची पुढची नोकरी नैरोबीत किंवा दुबईत असेल. सुट्टीत तो दिल्लीला जाईल, आग्र्याला जाईल. तेथे त्याला हिंदी उपयोगी पडेल. त्याच्याकडे जो थोडा वेळ आहे, त्याची मागणी आपण आपल्या भाषाप्रेमासाठी करू नये.

या शहराने परदेशी विद्यार्थ्यांसाठी केलेले मोठे काम वेगळ्या वाटेने झाले आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचे रेक्टर असताना त्यांनी एका मुलीला खिडकीतून कोणाला तरी जेवण देताना पाहिले. चौकशी केल्यावर समजले, की आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी आहे आणि त्याची देखभाल करणारे येथे कोणीच नाही. त्या अस्वस्थतेतून १९७१ मध्ये ‘सिंबायोसिस’ ही संस्था उभी राहिली आणि तिचे नावही त्यांनी आपल्याच विषयातून, सहजीवन या अर्थाने घेतले. मुजुमदार सरांना त्या मुलाच्या भाषेचा प्रश्न पडला नाही. त्याला पथ्याचे जेवण कोण देणार, हा प्रश्न पडला.

खानावळ चालवणारी, सदाशिव पेठ

मला इंग्रजी येत नाही, त्यामुळे माझ्याकडे जेवायला येणाऱ्या मुलांपुढे दुसरा पर्यायच नसतो. पहिल्या आठवड्यात ती ‘तिखट नको’ एवढे शिकतात, दुसऱ्या आठवड्यात ‘अजून एक पोळी’, आणि महिनाभरात आमटीत आज गूळ कमी पडला, हेही सांगतात. रमजानमध्ये दोन मुलांचे डबे मी रात्री भरून ठेवते; ते तसे का हवेत, हे त्यांनी मला मराठीतच समजावले होते. आधी पोट आणि मग भाषा, असे प्राध्यापक म्हणतात, पण माझ्याकडे दोन्ही एकाच ताटात येते. त्यामुळे मी ताईंच्या बाजूची आहे.

विधी शाखेचा विद्यार्थी, पुणे

वरील सर्व प्रतिसाद वाचून मला जे सांगायचे आहे, ते कोणीच बोललेले नाही. माझा खोलीतला सोबती सुदानचा आहे. तो उत्तम मराठी बोलतो, माझ्या आईशी फोनवर अर्धा तास बोलतो. मागच्या वर्षी आम्हाला घर बदलायचे होते, तेव्हा त्यानेच एजंटाला फोन केला. एजंटाने आनंदाने ‘लगेच या, किल्ली माझ्याकडेच आहे’ असे सांगितले. आम्ही दोघे फाटकाशी पोहोचलो आणि एजंटाने त्याच्याकडे एकदा पाहून फ्लॅट नुकताच गेल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो, तेव्हा तोच फ्लॅट रिकामा होता. एका आठवड्यात असे तीन ठिकाणी घडले.

बसमध्ये त्याच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. अनोळखी लोक न विचारता त्याच्या केसांना हात लावतात, त्याच्यासोबत फोटो काढतात आणि पुढे निघून जातात. तो मला एकदा म्हणाला, की पुण्यातले पहिले वर्ष त्याला सोपे गेले, कारण लोक आपल्याविषयी काय बोलतात ते तेव्हा कळत नव्हते. मराठी येऊ लागली आणि रस्त्यावरचा प्रत्येक शब्द कळू लागला.

कोरेगाव पार्कात राहणाऱ्या गोऱ्या पाहुण्याने दोन शब्द मराठीत उच्चारले तर आपण त्याचे व्हिडिओ काढून एकमेकांना पाठवतो, आणि माझ्या मित्राने अस्खलित मराठीत घर मागितले तर त्याला घर मिळत नाही. धागाकर्तींना मी अत्यंत आदराने विचारतो: ज्याने तुमची अट पूर्ण केली, त्याला आपल्यापैकी कोणी उंबरा ओलांडू दिला?

धागाकर्ती

या शेवटच्या प्रतिसादानंतर मी दोन दिवस काही लिहू शकले नाही. माझ्या वर्गातल्या मुलांनी मला आजींच्या आणि खानावळीच्या गोष्टी सांगितल्या, आणि बसमधल्या रिकाम्या जागेची गोष्ट सांगितली नाही. बहुधा मला वाईट वाटेल म्हणून सांगितली नसावी. मी ती विचारलीही नाही, ही माझी चूक आहे.

‘फक्त मराठीत’ हे माझे शब्द मी मागे घेते. पहिल्या दोन आठवड्यांचे पाठ मी आता कोथरूडच्या गृहस्थांनी लिहिलेल्या कागदांच्या क्रमाने बदलणार आहे आणि ते समजावणे इंग्रजीतच करणार आहे. स्टुटगार्टच्या वाचकांनी सांगितलेले थांबणे मात्र मी सोडणार नाही, कारण समोरचा माणूस वाक्य जुळवत असताना आपण थांबायला काहीच खर्च येत नाही. प्राध्यापकांशी माझा मतभेद कायम आहे. मुलगा तीन वर्षांनी जाणार असला, तरी ती तीन वर्षे त्याच्या आयुष्यातलीच असतात आणि ती त्याने वर्ग व वसतिगृह यांच्यातच काढावीत, असे मला वाटत नाही.

विधी शाखेच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कोथरूडच्या गृहस्थांना मी विचारते, की आपल्या इमारतीत त्याच्या मित्राला घर मिळाले असते का?

घरमालक, कोथरूड

मिळाले नसते, हे मला मान्य करावे लागेल. माझे भाडेकरू इराणचे आणि नेपाळचे असतात. आफ्रिकेतील विद्यार्थ्यांना घर देऊ नये, असे आमच्या गृहनिर्माण संस्थेत कोठेही लिहिलेले नाही, परंतु नव्या मालकांना ते तोंडी सांगितले जाते, आणि मी समितीवर असूनही आजवर गप्प राहिलो. वास्तविक सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला सदनिका भाड्याने देण्यासाठी संस्थेच्या परवानगीची गरज नसते. आधी लेखी कळवले की पुरे. सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभेसाठी मी हा विषय लेखी देत आहे.

माझी सदनिका जूनमध्ये रिकामी होते. आपल्या मित्राला अजूनही घर हवे असल्यास त्याने स्वतः यावे. करार त्याला हव्या त्या भाषेत वाचून दाखवीन आणि निबंधकांच्या कार्यालयात मी त्याच्यासोबत येईन.