मदत हवी आहे: १७८८ च्या अमेरिकन व्यंगचित्रातले खांब कुणाची ताकद दाखवतात?

नमस्कार मंडळी,

लेक न्यू जर्सीत आठवीत आहे. इतिहासाच्या तासाला तिला ‘मॅसॅच्युसेट्स सेंटिनेल’ या बॉस्टनच्या वर्तमानपत्रातलं २ ऑगस्ट १७८८ चं व्यंगचित्र दिलंय. केंद्र आणि राज्यं, यांत वरचढ कोण, हे चित्राच्या आधाराने लिहायचंय.

चित्रात अकरा खांब ओळीने ताठ उभे आहेत. एकेक खांब एकेका राज्याचा, राज्यघटनेला मान्यता दिली त्या क्रमाने: पहिला डेलावेअर, आमचं न्यू जर्सी तिसरं. बारावा नॉर्थ कॅरोलायनाचा, कललेला, त्याच्याजवळ ‘उठेलच’ अशा अर्थाचे शब्द. शेवटचा ऱ्होड आयलंडचा मोडका, आणि मजकूर असा की पाया चांगला आहे, अजून वाचवता येईल.

लेक म्हणते, “आई, भार तर राज्यंच पेलतायत. खांब काढले तर इमारत राहील का?” मला पटलं. १३ पैकी ९ राज्यांच्या होकाराशिवाय घटना लागूच होणार नव्हती.

पण बाईंनी समासात लिहिलंय, ‘हे वर्तमानपत्र फेडरलिस्टांच्या बाजूचं होतं, त्याचा विचार कर.’ मी तिला फेडरलिस्ट म्हणजे राज्यांची बाजू घेणारे असं सांगितलं होतं. आपल्याकडे ‘संघराज्यावर घाला’ म्हटलं की केंद्राने राज्यांचे अधिकार ओढून घेतले, असाच अर्थ निघतो ना! वाचल्यावर कळलं, तिथले फेडरलिस्ट बळकट केंद्र मागणारे. राज्यांच्या हक्कांसाठी भांडत होते ते अँटी-फेडरलिस्ट.

शिवाय महाराष्ट्र १९६० साली संसदेच्या कायद्याने झाला. आपल्याकडे घर आधी, त्यातले बरेच खांब मागाहून. तिथे खांब आधीपासून होते, त्यांनी घर उभं केलं. हे माझ्या लक्षात यायला दोन संध्याकाळी गेल्या.

आता तो मोडका खांब मला वेगळा दिसतो. ऱ्होड आयलंडने तेव्हा मान्यता दिली नव्हती, ती दिली मे १७९० मध्ये. म्हणजे जे राज्य बाहेर राहील ते मोडकं, एकटं उभं राहूच शकणार नाही, असं चित्रकाराला म्हणायचंय का? की मी जास्तच अर्थ काढतेय?

लेकीचं उत्तर खोडायला मन होत नाही. भार राज्यांचा, पण चित्र केंद्राची बाजू मांडणारं, असं दोन्ही लिहिलं तर चालेल का? नागरिकशास्त्र शिकवणारं किंवा अमेरिकेत मुलांचा हा अभ्यास घेतलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. वही सोमवारी द्यायची आहे.