हिवाळ्यातली रात्रीची फेल शर्यत: दिवा किती ल्युमेनचा?

प्रश्न: इंग्लंडमधल्या डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टमध्ये डिसेंबरात रात्रीची फेल शर्यत (म्हणजे डोंगर-टेकड्यांवरून धावायची शर्यत) पहिल्यांदाच धावणार आहे, साधारण १० किमी. डोक्यावरचा दिवा कसा निवडावा? धुकं आलं तर?

प्रतिसाद १: चढाला २०० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे दिव्याच्या उजेडाचं माप) पुष्कळ. खडकाळ उताराला मात्र ३०० ते ४०० हवेत. थंडीत बॅटरी लवकर बसते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. छोटा दुसरा दिवाही घ्याच. अंधारात बॅटरी बदलायलाही उजेड लागतो! धुक्यात कपाळावरचा झोत थेंबांवरून उलटून डोळ्यांवर येतो, समोर नुसती पांढरी भिंत दिसते. अशा वेळी दिवा हातात घेऊन कमरेच्या उंचीवर धरा आणि मंद करा.

प्रतिसाद २: दिव्याइतकाच नकाशा महत्त्वाचा. पुढच्यांचे दिवे बघून पळू नका, तेही चुकलेले असू शकतात. होकायंत्र फोनपासून लांब धरा, नाहीतर सुई हलते. सोबत टोपी, हातमोजे, वॉटरप्रूफ जाकीट-पँट, थोडं खाणं आणि शिट्टी. मदतीसाठी मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा. शर्यत अर्धवट सोडलीत तर आयोजकांना कळवल्याशिवाय घरी जाऊ नका, कृपया. नाहीतर बचाव पथक रात्रभर डोंगरात तुम्हाला शोधत राहील.

प्रतिसाद ३: बुटांचं राहिलं. तळाचे लांब रबरी खुंट चिखलात पकडतात, गोठलेल्या वाटेवर नाही. तिथे पावलं आखूड टाका.