प्रशिक्षण झाल्याशिवाय सरपंचाला सहीचा अधिकार नको

रानवारा:
आमच्या तालुक्यातल्या एका सरपंचांनी ग्रामसभेत शब्द दिला: पोलीस चौकी आणतो, शाळेला दोन शिक्षक आणतो. चौकी गृहखात्याची, शिक्षक जिल्हा परिषदेचे. ग्रामपंचायत ठराव करून मागणी करू शकते, एवढंच. उलट जे खरंच हातात होतं त्याचा पत्ता नव्हता. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, हे त्यांना ग्रामसेवकाने बिल अडवल्यावर कळलं. पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. इतक्या वर्षांनी तरी प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत खर्चावर सही नाही, असा नियम हवा.

माणदेशी:
साफ असहमत. सही थांबवली की तेवढे महिने गाव ग्रामसेवक आणि गटविकास अधिकाऱ्यांच्या ताब्यात. लोकांनी निवडलेल्या माणसाला अधिकाऱ्याच्या दाखल्यासाठी थांबवायचं? अशा अटी कुणाला बाहेर काढतात ते हरियाणात दिसलं. तिथे पंचायतीला उभं राहायला सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला दहावीची अट घातली, 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. शाळेचं तोंडच न पाहिलेल्या बाया-माणसांचा उमेदवारीचा हक्क गेला. राजस्थानने अशीच अट 2019 मध्ये काढून टाकली.

रानवारा:
माणदेशी, मी शिक्षणाची अट मागतच नाहीये. उभं कुणीही राहावं. निवडून आल्यावर शिकवा, आणि ते शिकवणं शासनावर बंधनकारक करा.

गिरणगावकर:
फक्त सरपंचांना का धरता? मुंबईत 1888च्या महापालिका कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. तरी प्रचारात सगळी आश्वासनं महापौरपदाच्या नावावर. पण मला यात नगरसेवकाइतकाच रचनेचा दोष दिसतो. एकाच वॉर्डात महापालिका, म्हाडा (सरकारी घरबांधणी), एमएमआरडीए (महानगराचं नियोजन करणारं प्राधिकरण), एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन), रेल्वेची जमीन. 74व्या घटनादुरुस्तीने घटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांच्या पालिकांसाठी 18 विषय दिले, त्यात नगर नियोजन पहिलंच. आणि एमएमआरडीए कुणाला उत्तर देते? राज्य सरकारला. नगरसेवकाने सगळं पाठ केलं तरी नळाला पाणी येण्यापलीकडे त्याच्या हाती फार काही पडत नाही.

माणदेशी:
हेच म्हणतोय. आधी अधिकार द्या.

सावित्रीची_लेक:
मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते. दोघांचंही अर्धं पटतं. प्रशिक्षण झालं, पंचायत समितीच्या सभागृहात. निम्म्या महिला सदस्यांच्या जागी नवरे किंवा दीर बसलेले. भाषणं झाली, चहा झाला, हजेरीवर सह्या झाल्या. नमुना 5 म्हणजे रोकडवही, नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही, हे मला तिथे कुणी दाखवलं नाही. ते मी पुढे कार्यालयात बसून, ग्रामसेवकांना पुन्हा पुन्हा विचारून शिकले. त्यामुळे सही अडवू नका, पण प्रशिक्षण गावात येऊन द्या, आमच्याच पंचायतीची रोकडवही उघडून द्या. आणि निवडून आलेली बाई खुर्चीवर नसेल तर ते प्रशिक्षण झालं असं धरू नका.

रानवारा:
ताई, शेवटची अट मला मान्य. सहीबद्दल मात्र मी अजून ठाम आहे.