अपडेटनंतर दुसरी हार्ड डिस्क गायब, फोटो आहेत त्यात

काल रात्री सिस्टीम अपडेट झालं, सकाळी पीसी चालू केला तर डी ड्राइव्ह गायब. सी वाली एसएसडी नीट चालतेय. डी म्हणजे १ टीबीची जुनी साटा हार्ड डिस्क, मुलीच्या जन्मापासूनचे सगळे फोटो त्यातच आहेत आणि दुसरीकडे कुठेच कॉपी नाहीये, प्लीज कोणीतरी सांगा काय करू.

उत्तर १: आधी घाबरू नका, आणि काहीही झालं तरी फॉरमॅट करू नका. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्क तिथे दिसत असेल, निळी पट्टी असेल पण अक्षर नसेल, तर फक्त ड्राइव्ह लेटर उडालंय, डेटा जागेवर आहे. पट्टीवर राइट क्लिक करून लेटर पुन्हा द्या. पण इनिशियलाइझ (म्हणजे डिस्क नव्याने तयार) करायला सांगितलं तर ओके दाबायचं नाही, कॅन्सल करायचं आणि इथे विचारायचं.

उत्तर २: तिथे दिसलीच नाही तर बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणारी मूळ सेटिंग) बघा. तिथेही नसेल तर अपडेटचा संबंध नसण्याची शक्यता जास्त. पीसी बंद करून प्लग काढा, साटा केबल दोन्ही बाजूंनी आणि पॉवरची पिन डिस्कच्या बाजूने काढून घट्ट बसवा, माझ्याकडे केबलच सैल निघाली होती. कट-कट आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा, सारखी चालू-बंद करून बघू नका.

प्रश्नकर्ता: दिसली!! अक्षरच नव्हतं, डी दिलं आणि सगळे फोल्डर आले, बारशाचे फोटो उघडून पण बघितले. खूप खूप आभार दोघांचे.

उत्तर १: मस्त! आता दुसरं काही करायच्या आत एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी लावा.

प्रश्नकर्ता: भावाची आणलीये, कॉपी चालू आहे.