होडी बांधायचा दगड: जहाजाचा जुना नांगर असेल का?

खाडीकाठचा: विजयदुर्गजवळच्या वाघोटण खाडीवर आमच्या धक्क्यापाशी एक लांबट काळा दगड चिखलात उभा रुतलाय. वरच्या भोकातून दोर ओवून होड्या बांधतात. यंदा गाळ वाहून गेला, तेव्हा खाली दोन चौकोनी आरपार भोकं दिसली, एक समोरून, दुसरं कुशीतून. धक्क्याचं काम निघालंय, ठेकेदार जेसीबीने उपटणार म्हणतो. काय असेल?

निवृत्त बंदरवाला: आधी जेसीबी थांबवा! वर्णनावरून हा इंडो-अरबी धाटणीचा दगडी नांगर. वरच्या गोल भोकात दोर. खालच्या दोन भोकांत लाकडी दांडे, एकमेकांना काटकोनात. म्हणजे दगड तळाशी कसाही पडला तरी एखादा दांडा वाळूत रुततोच. लाकूड कुजतं, दगड उरतो. गोव्यात दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांना असे नांगर बेट द्वारका, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग इथे मिळालेत. ओमान आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही सापडतात.

गडप्रेमी: म्हणजे आंग्र्यांच्या आरमाराचा! १७५६ साली तुळाजी आंग्र्यांची जहाजं विजयदुर्गालाच जळाली ना?

निवृत्त बंदरवाला: जळाली, खरंय. पण तेवढ्यावरून पाटी लावायची घाई नको (आपल्याकडे प्रत्येक जुना दगड कुणा सरदाराचाच असतो). दगडाचं वय दगड सांगत नाही. अरबी व्यापाराच्या काळातला, कितीतरी आधीचाही असू शकतो. आजूबाजूला काय सापडतं, यावर ठरेल.

खाडीकाठचा: सरपंच म्हणतात देवळासमोर सिमेंटात बसवू, रंगही देऊ.

निवृत्त बंदरवाला: कृपा करून नको! हलवला की अर्धा पुरावा गेला. ओहोटीला चारही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. भोकांतला चिखल खरवडू नका, आत लाकडाचा तुकडा असला तर कालमापनाला उपयोगी पडेल. मग तहसीलदार आणि राज्य पुरातत्त्वच्या रत्नागिरी विभागाला लेखी कळवा, पोच घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, हे ठेकेदाराच्या कानावर घाला. आणि हो, चिखलात खापरं दिसतात का? आतून डांबरासारखा काळा लेप असला तर इराणच्या आखातातल्या रांजणांची असू शकतात. उचलू नका, फक्त फोटो टाका.

खाडीकाठचा: खापरं आहेत. पोरं भाकऱ्या खेळायला तीच पाण्यावर फेकतात! उद्याच्या ओहोटीला फोटो काढतो. ठेकेदाराला सरपंचांकडून फोन लावलाय.