एमओटीला (व्यवसायोपचारातल्या पदव्युत्तर पदवीला) प्रवेश मिळाला आहे, पुढे काय वाढून ठेवलंय? कोकणातल्या थेरपिस्टांचा सल्ला हवा

तिलारीकाठ

नमस्कार. मी मूळची दोडामार्गची, सध्या कुडाळला असते. बीओटीएच, म्हणजे व्यवसायोपचाराची (ऑक्युपेशनल थेरपीची) पदवी, मुंबईत केली. इंटर्नशिप झाल्यावर अडीच वर्षं इथे लहान मुलांच्या थेरपी सेंटरमध्ये काम केलं. यंदा सीईटी दिली आणि मुंबईत एमओटीला जागा मिळाली. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं आहे.

घरचे खूश आहेत, पण नेमकं काय शिकायला जाते हे त्यांना मला नीट सांगता येत नाही. 'व्यवसायोपचार' म्हटलं की आजीला वाटतं, अपंगांना धंदा शिकवतात. साडेचार वर्षांच्या पदवीनंतरही तिला समजेल असं एक वाक्य माझ्याकडे नाही.

खरी भीती अभ्यासाची आहे. पुस्तकं सुटून अडीच वर्षं झाली. बरोबरची बहुतेक मुलं इंटर्नशिपमधून थेट आलेली असणार. सेमिनार, जर्नल क्लब (शोधनिबंध एकत्र वाचून चर्चा), डिझर्टेशन (प्रबंध) यांची नावं ऐकून आहे, पण त्यांत दिवस कसा जातो? शाखेचंही ठरत नाही. लहान मुलांबरोबर काम केलंय म्हणून पेडियाट्रिक्स घ्यावं असं सगळे म्हणतात. मला न्यूरो (मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांची शाखा) खुणावतं, कारण आमच्या वाडीत लकव्याने अंथरुणाला खिळलेली चार माणसं मी डोळ्यांनी बघते आहे आणि त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचत नाही. शिकून परत यायचं हे मात्र पक्कं आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगावं.

परळची_खोली

अभिनंदन! मी सध्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे थोडक्यात लिहिते. सकाळी ओपीडी आणि वॉर्ड. दुपारी कधी सेमिनार, कधी केस प्रेझेंटेशन, कधी पदवीच्या मुलांची प्रॅक्टिकल्स. वाचन रात्रीचंच. पहिले दोन-तीन महिने फक्त झोपेची आणि जेवणाची घडी बसवण्यात जातात, त्यात स्वतःला दोष देऊ नकोस. खोली रुग्णालयाच्या जितकी जवळ मिळेल तितकी घे, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल. लोकलमध्ये रोज दोन तास घालवले तर वाचायला अंगात त्राण उरत नाही.

अडीच वर्षांच्या खंडाची काळजी करू नकोस. आमच्या वर्गात काम करून आलेल्या दोघी होत्या. लेखी परीक्षेत त्या सुरुवातीला मागे पडल्या. रुग्णासमोर मात्र आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.

वाशिष्ठी_न्यूरो

तिलारीकाठ, जरा सविस्तर लिहिते, कारण तुझ्या जागी मी होते तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी न्यूरोमध्ये एमओटी केलं, आता चिपळूण-खेड पट्ट्यात काम करते, बरंचसं घरोघरी जाऊन.

आधी आजीचं. तिला म्हण, "माणसाचा दिवस ज्या ज्या कामांनी भरलेला असतो, ती त्याला परत करता यावीत म्हणून आम्ही झटतो." आंघोळ, लुगडं नेसणं, भाकरी थापणं, लावणी, शाळेत पाटीवर लिहिणं, सगळं त्यात आलं. आपल्या नावातला 'व्यवसाय' या अर्थाचा आहे. देशातली या विषयाची पहिली शाळा १९५० साली मुंबईत केईएमला कमला निंबकर यांनी सुरू केली. तेव्हापासून हा शब्द समजावून सांगणं हा आपल्या कामाचाच भाग आहे.

आता अभ्यास. पदवीला आपल्याला 'काय करायचं' ते शिकवतात. एमओटीला 'का' आणि 'कशावरून' विचारतात. माझं पहिलं केस प्रेझेंटेशन अजून आठवतं. लकव्याचे रुग्ण, खांदा खाली उतरलेला. मी म्हटलं, "हाताला आधार द्यायला गळ्यातली स्लिंग दिली." मॅडमनी विचारलं, "कुठल्या कामाला घालायची, कुठल्या कामाला काढायची? दिवसभर घातली तर हाताचं काय होईल? तुम्हाला हे कुठून कळलं?" तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंटर्नशिपमध्ये सगळे देतात म्हणून मी दिली होती. त्या दिवशी रडले. पण पुढे प्रत्येक रुग्णाच्या कागदावर उपचाराच्या शेजारी कारण लिहायची सवय लागली, आणि आज गावात एकटीने काम करते तेव्हा विचारायला कुणी नसतं, तिथे तीच सवय कामी येते. तू पहिल्या दिवसापासून एक वही कर. डावीकडे काय केलं, उजवीकडे का केलं. उजवी बाजू कोरी राहिली की रात्री काय वाचायचं ते आपोआप ठरतं.

दुसरं मापनाचं. तिथे स्केल्सचा, म्हणजे रुग्णाला किती जमतं हे गुणांत मोजण्याचा, सराव भरपूर होईल, ते मनापासून कर. पण त्या स्केल्समध्ये कोण माणूस गृहीत धरलाय तेही बघ. रोजची कामं स्वतः किती जमतात हे मोजणारा बार्थेल इंडेक्स १९६५ पासून वापरात आहे, दहा बाबी, शंभरपैकी गुण. दापोलीकडचे एक काका रुग्णालयातून घरी निघाले तेव्हा आम्ही त्यांना ८५ गुण दिले. जिने चढण्याचे पूर्ण गुण, कारण कठडा धरून ते व्यवस्थित चढले. पलंगावरून खुर्चीत बसण्याचेही पूर्ण. पंधरा दिवसांनी मुलाचा फोन, बाबा घराबाहेरच पडत नाहीत. मी गेले तर रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याची पाखाडी, एकही पायरी दुसरीच्या उंचीची नाही आणि धरायला काही नाही. संडास मागच्या अंगणात, भारतीय पद्धतीचा. जेवण पाटावर. घरात खुर्ची एकच, ती पाहुण्यांची. जमिनीवर बसून उठायला आम्ही त्यांना एकदाही शिकवलं नव्हतं, कारण त्या दहा बाबींत ते विचारलेलंच नाही. चूक स्केलची नव्हती, मी तेवढंच बघून थांबले ती चूक.

म्हणून कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर, आपण सीओपीएम म्हणतो ते, नीट शिकून घे. त्यात रुग्णच सांगतो की कुठलं काम अडलंय, ते किती महत्त्वाचं आहे, किती जमतं आणि त्यावर तो किती समाधानी आहे, सगळं दहापैकी. दोन गुणांचा फरक पडला तर तो खरा बदल मानतात. पाखाडीसुद्धा त्यात लिहिता येते.

डिझर्टेशनचं स्वतंत्रपणे विचार, त्यावर खूप बोलण्यासारखं आहे.

आचऱ्याचो_झील

मी थेरपिस्ट नाय, पेशंटाचो झील. पण ह्यो धागो वाचून लिवल्याशिवाय ऱ्हवाक जमला नाय.

बाबांका दोन वर्सांमागे लकवो मारलो, उजवो हात गेलो. हास्पिटलात थेरपीवाल्या ताईन पयलोच प्रश्न विचारल्यान, "काका, तुमका सगळ्यात आदी काय करूचा आसा?" आमका वाटला, बाबा चालूचा म्हणतले. बाबा म्हणाले, "जाळा दुरुस्त करूचा आसा." तिणा दुसऱ्या दिवशी माका घरसून जाळ्याचो तुकडो नि दोरो आणूक लावल्यान. डाव्या हातान जाळा धरूचा, उजव्या हातान गाठ मारूची. पयल्यांदा बोटा उघडतच नाय होती. तरी बाबांनी सोडल्यानी नाय, कारण ता त्यांचा काम होता. चेंडू दाबूक दिलो असतो तर दोन दिवसांत कंटाळले असते.

आता बाबा होडयेर जाणत नाय. पण मांगरात बसान जाळी दुरुस्त करतत, वाडीतली पोरा घेवन येतत. ताय, तू कायव शिक, पण तो पयलो प्रश्न विचारूक इसरा नको.

स्प्लिंटवाली

आचऱ्याचे दादा, तुमचं लिहिणं माझ्या विद्यार्थिनींना वाचून दाखवणार आहे.

तिलारीकाठ, शाखेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मी हातावर काम करते, रत्नागिरीत. कोकणात परत यायचं असेल तर एकाच शाखेत स्वतःला बांधून घेऊ नकोस. पदवीवर एक शाखा लिहिलेली असेल, पण इथे दारात सगळेच येतात. सकाळी सेरेब्रल पाल्सीचं बाळ, दुपारी आंब्यावरून पडून मणक्याला मार लागलेला गडी, संध्याकाळी कोयत्याने बोटाची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टेंडन) कापलेली बाई. 'माझी शाखा ही नाही' असं म्हणून त्यांना कोल्हापूरला किंवा मुंबईला पाठवलं तर बहुतेक जण कुठेच जात नाहीत. म्हणून तुझी शाखा न्यूरो असली तरी हाताच्या ओपीडीत, मानसोपचाराच्या वॉर्डात जितकं उभं राहता येईल तितकं राहा.

कोयत्याच्या जखमांचं मुद्दाम सांगते. वाकवणारी शीर शिवल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत ती पुन्हा तुटण्याची भीती सर्वांत जास्त असते. हात अजिबात हलवला नाही तर शीर आजूबाजूला चिकटते, जास्त हलवला तर तुटते. त्या मधल्या चिंचोळ्या वाटेवरून रुग्णाला न्यायचं असतं, आणि जोर लावायला साधारण बारा आठवडे थांबवायचं असतं. आता ही बाई घरी जाऊन भांडी घासणार नाही, विहिरीचं पाणी ओढणार नाही, याची खात्री कशी करणार? माझ्या एका रुग्णाची शीर पाचव्या आठवड्यात तुटली. तिने घागर उचलली होती. तिला 'वजन उचलू नका' असं मी सांगितलं होतं, पण तिच्या लेखी घागर हे वजनच नव्हतं. तेव्हापासून मी सासूला, नवऱ्याला समोर बसवून एकेक काम नाव घेऊन सांगते.

आणि स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार. कमी तापमानाला मऊ होणारं प्लॅस्टिक आपण साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात मऊ करतो. तेच स्प्लिंट मे महिन्यात बंद गाडीत किंवा चुलीशेजारी राहिलं की आकार सोडतं. आमच्या दमट हवेत आतून घाम साचून कातडी पांढरी पडते, म्हणून आत सुती मोजा हवाच, आणि दोन द्यायचे, एक धुवायला. हे बारकावे मी रुग्णांकडून शिकले. तू शिकशीलच, पण लक्षात असू दे.

तिलारीकाठ

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आचऱ्याचे दादा, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

वाशिष्ठीताई, डिझर्टेशनचं विचारते. विषय आत्ताच ठरवून जावं का? माझ्या मनात लकव्यानंतर जमिनीवर बसणं-उठणं हाच विषय घोळतो आहे, तुमचं वाचल्यावर तर जास्तच. स्प्लिंटवाली ताई, परत आल्यावर नोकरीचं काय चित्र आहे?

वाशिष्ठी_न्यूरो

विषय घोळत राहू दे, पण ठरवून जाऊ नकोस. गाइड कोण मिळतात, त्यांचं काम कशात आहे, तुमच्या ओपीडीत कसले रुग्ण येतात, यावर अर्धं ठरतं. तू प्रश्न घेऊन जा. "लकव्याचे रुग्ण जमिनीवरून उठू शकतात का हे कसं मोजायचं?" एवढा प्रश्नही गाइडपुढे ठेवायला पुरे आहे.

क्रम असा असतो. आधी सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा), मग एथिक्स कमिटीची मंजुरी, त्यानंतरच रुग्णांची माहिती गोळा करायची. उपचार देऊन परिणाम बघणारा अभ्यास असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (अशा अभ्यासांच्या देशपातळीवरच्या नोंदवहीत) नोंदणी. हा क्रम मोडता येत नाही, आणि कमिटीकडून दुरुस्त्या येऊन परत जाण्यात बराच वेळ जातो, म्हणून सिनॉप्सिस रेंगाळू देऊ नकोस. संख्याशास्त्राच्या माणसाला सुरुवातीलाच भेट. माझ्या मैत्रिणीने शेवटी भेट घेतली आणि रुग्ण कमी पडले असं तेव्हा कळलं.

आता एक गोष्ट, जी मुंबईचे गाइड कदाचित सांगणार नाहीत. मुंबईतल्या सरकारी, पालिकेच्या रुग्णालयांत कोकणातले रुग्ण खूप असतात. ते तुझे फॉलोअपचे रुग्ण झाले की तुझं वेळापत्रक गावच्या पंचांगावर चालतं. लावणीला माणूस गावी जातो. गणपतीला तर घर बंद करून सगळे जातात, आणि घरच्यांनी आणल्याशिवाय लकव्याचा माणूस एकटा येऊ शकत नाही. शिमग्याला पुन्हा तेच. आंब्याच्या दिवसांत मुलाला बाग सोडता येत नाही. सहा आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनी मोजमाप ठरवलं आणि त्यातलं एक नेमकं गणपतीत आलं, तर निम्मे रुग्ण हातचे जातात. माझे सात गेले. रुग्ण घ्यायला कधी सुरुवात करायची ते कॅलेंडर समोर ठेवून ठरव. तुला हे सण माहीत आहेत, त्याचा उपयोग कर.

स्प्लिंटवाली

नोकरीचं खरं तेच सांगते. ठरलेल्या पदावर बसायचं असेल तर कोकणात जागा थोड्या आहेत. पण चित्र हलतंय. सिंधुदुर्गनगरीला २०२१ पासून आणि रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. डेरवणला वालावलकर रुग्णालय आहेच. २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी केंद्राचा आयोगाचा कायदा झाला, त्यात आपलं क्षेत्र आलं आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले, त्यात ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, त्यामुळे शाळांकडून विचारणा वाढली आहे. माझं स्वतःचं उत्पन्न पहिली दोन वर्षं बेताचं होतं. नंतर हाडांचे डॉक्टर आपणहून रुग्ण पाठवायला लागले, कारण शस्त्रक्रियेनंतर बोटं वळायला लागली हे त्यांनी बघितलं.

कुडाळचं सेंटर पूर्ण सोडू नकोस. सुट्टीत आलीस की चार दिवस तिथे बस. लोक विसरत नाहीत, पण दिसत राहिलेलं बरं.

परळची_खोली

एक राहिलं. आई-वडिलांना सांगून ठेव की पहिले काही महिने फोन लहान होतील. माझ्या आईला वाटलं, मी बदलले. आणि तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढायचं असेल तर ज्या दिवशी सुट्टी मंजूर होईल त्याच दिवशी काढ.

तिलारीकाठ

वही आणली. उजव्या बाजूला 'का' लिहिलं आहे.

आज आजीला वाशिष्ठीताईंचं वाक्य वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग शेजारच्या काकीला आधी बघून जा." काकींना लकवा होऊन वर्ष झालं. संध्याकाळी गेले. डावीकडे त्यांचं लक्षच जात नाही. ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो आणि सून समजते की त्यांना भूक नाही. मी ताट फिरवून दिलं, तर उरलेलाही जेवल्या. सुनेला रोज ताट फिरवायला सांगितलं आहे, आणि हाक मारताना त्यांना डावीकडे बघायला लावायला. काकींना काय करायचं आहे विचारलं, तर म्हणाल्या, तुळशीला पाणी घालायचं आहे. अंगणात उतरायला दोन पायऱ्या आहेत. रविवारी पुन्हा जाते आहे.

आचऱ्याचो_झील

बाबा म्हणतत, मुंबैक जावच्या आदी येक दिवस आचऱ्याक ये. मांगर बघ, जाळा बघ. जेवण आमच्याकडेच.