विंडोज १० गेली, म्हणून चालता कॉम्प्युटर भंगारात घालायचा का?

डीटीपीवाला_अमळनेर

अमळनेरात माझं लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं यांचं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, २०१४ च्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घेतलेला. आपल्याकडचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको. दरवर्षी कॅबिनेटचं झाकण काढून बाजूला टेबलफॅन लावतो, पंधरा दिवसांनी ब्लोअरने धूळ उडवतो. एकदा प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) दोनदा उडाला. एवढाच काय तो खर्च.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चे अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. माझ्या मशीनला दोन्ही नाही. तेव्हापासून जो येतो तो म्हणतो, दादा, आता नवा घ्या.

माझं मत: घेऊ नये. नेटची वायर काढावी, वायफायचं डोंगल खिशात घालावं आणि मशीन फक्त कामाला ठेवावं. मी पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, ते २००१ चं. त्याला आता कुठला अपडेट येणार आहे? जुने मराठी फॉन्ट त्यावर बसलेत, हात बसलाय, वीस वर्षांच्या पत्रिका त्यात आहेत. इंजिन चांगलं असताना नंबरप्लेट जुनी झाली म्हणून कोणी ट्रॅक्टर विकतो का?

विरोधात असाल तर कारण सांगा. "जमाना बदलला" हे कारण नाही.

भुसावळ_प्लॅटफॉर्म_३

भाऊ, वायर काढून काय होतं? तुझं गिऱ्हाईक मजकूर कशात आणतं? पेनड्राइव्हमध्ये. तो पेनड्राइव्ह त्याआधी कुठे कुठे फिरून आला ते त्यालाही माहीत नसतं. आमच्या ओळखीच्या एका झेरॉक्सवाल्याकडे अशाच एका पेनड्राइव्हने सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसले होते, आणि त्याचं नेट महिनाभर बंद होतं.

२०१७ चा मे आठवतो का? वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभर मशीनं बंद पाडली. ज्या भोकातून तो शिरला त्याचं ठिगळ मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी लावलं नाही ते अडकले. तेव्हा निदान ठिगळ होतं, आळस नडला. तुझ्याकडे आता ठिगळच येणार नाही.

मी नवा घे म्हणत नाही. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० ला सुरक्षेचे जादा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की फुकट, नाहीतर तीस डॉलर. तेवढी लग्नसराई निघेल. पुढचं पुढे बघ.

डीटीपीवाला_अमळनेर

म्हणजे सुरक्षेसाठी नेट लावायचं, आणि नेट लावलं म्हणून सुरक्षा लागायची. वा भाऊ.

पेनड्राइव्हचं मात्र मान्य. त्यावर उपाय केलाय: गिऱ्हाइकाला सांगतो, मजकूर व्हॉट्सॲपवर टाक. मोबाईलवर वाचून मी इकडे स्वतः टाईप करतो. तसंही नव्वद टक्के लोक हाताने लिहिलेला कागदच आणतात, त्यावर भाऊबंदांची नावं, आणि शेवटी समासात आडवं लिहिलेलं एक नाव, जे राहिलं तर लग्नच मोडायचं.

शहादा_गुरुजी

दोघेही एकाच मालकाच्या दारात भांडताय. विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाका आणि मोकळे व्हा.

आमच्या शाळेत दानात आलेले सहा कॉम्प्युटर धूळ खात होते, त्यातले चार २ जीबी रॅमचे. एका रविवारी बसून सगळ्यांवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून पाहता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. ब्राउजरमध्ये चार टॅब उघडले की २ जीबीवाले हळू होतात हे खरं, पण लिब्रे ऑफिस, टाईपिंग, गणिताचे खेळ बिनतक्रार. पोरांनी एकदाही विचारलं नाही की स्टार्टचं बटण वेगळं का दिसतं. विचारलं ते मोठ्यांनीच. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो, रेमिंग्टनची, म्हणजे टाइपरायटरच्या चालीची, सवय असेल तर तो आयबस या कीबोर्ड जोडायच्या सोयीतून जोडता येतो.

आणि पेजमेकरच्या जागी स्क्रायबस. १.६ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात, एक पैसा लागत नाही. दादा, एक दिवस द्या त्याला.

पारोळा_ताई

गुरुजी, तुमचा मान राखून सांगते. शाळेत पोरं टाईपिंग शिकतात, माझ्या सेवा केंद्राच्या दारात रांग असते. दाखले, उतारे, शिष्यवृत्तीचे फॉर्म, ॲडमिशनचे दिवस असले तर जेवायला सवड नाही. मी मागच्या वर्षी तुमच्यासारख्याच एकाचं ऐकून लिनक्स टाकलं. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर बसेना. प्रिंटर चालला, पण स्कॅनर चालेना. दोन दिवस केंद्र बंद, आणि रांगेतल्या आजीला मी काय सांगू, ओपन सोर्स आहे म्हणून?

शेवटी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आठव्या पिढीचा, ऑफिसातून निघालेला जुना मशीन आणला. साडेतेरा हजार. विंडोज ११ आपलं आपण बसलं. ज्याचं पोट मशीनवर आहे त्याने प्रयोग दुसऱ्याच्या मशीनवर करावेत.

पण डीटीपीवाले दादा, तुम्हालाही पटत नाही. तुमचा तो मशीन उद्या बसला तर? अकरा वर्षांची हार्डडिस्क आहे. बॅकअप कुठे आहे?

डीटीपीवाला_अमळनेर

बॅकअप आहे ताई. दोन सीडीचे डबे आणि एक जुनी हार्डडिस्क, घरी कपाटात, साड्यांच्या खाली. (सीडी ड्राइव्ह अजून चालतो, हसू नका.)

पुणेकर_झालो_पण

मूळ धरणगाव, आता हिंजवडीत. राग मानू नका, पण २०२६ मध्ये पेजमेकर? लोक मोबाईलवर कॅनव्हा ॲपात पत्रिका करून तासाभरात ग्रुपवर टाकतात. आमच्याकडे मागच्या तीन लग्नांना छापील पत्रिका आलीच नाही, व्हिडिओ आला. कॉम्प्युटर कोणता घ्यावा हा प्रश्नच आता उरलेला नाही.

डीटीपीवाला_अमळनेर

भाऊ, हिंजवडीत पत्रिका व्हिडिओत येत असेल. इथे गावात जाऊन, ओट्यावर बसून, चहा पिऊन, अक्षता लावून पत्रिका हातात द्यावी लागते. "मोबाईलवर धाडी दिनी" म्हटलं तर सोयरा लग्नाला येईल, पण आयुष्यभर सांगेल की माले पत्रिकाच नही दिनी.

आणि कॅनव्हात एकदा मीही करून पाहिली. चौसष्ट नावं बसवायला गेलो, फॉन्ट मुंगीएवढा झाला.

भुसावळ_प्लॅटफॉर्म_३

चौसष्ट! आमच्याकडे लेवा मंडळींत नुसती मामेकुळाची तेवढी होतात.

धुळ्याची_नात

मी या धाग्यावर उशिरा आले, पण मला वाटतं तुम्ही सगळे चुकीच्या गोष्टीवर भांडताय. मशीन, विंडोज, लिनक्स बाजूला ठेवा. दादांच्या फाइलींचं बोला.

माझे आजोबा अहिराणीत लिहायचे. आखाजीची, कानबाईची गाणी, काही स्वतःच्या कविता. २००६ मध्ये त्यांनी एका दुकानात सगळं टाईप करून घेतलं, जवळपास दीडशे पानं. दुकानदाराने सीडी दिली. आजोबा गेले, प्रिंट आमच्या जुन्या घराच्या गळक्या छतात गेली. मागच्या वर्षी मी ती सीडी उघडली. फाईल उघडली, पण आत काय, तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. फॉन्ट कोणता होता ते कोणाला माहीत नाही, दुकान कधीच बंद झालंय. तो दुकानदारही बहुतेक म्हणाला असेल, माझा मशीन चांगला चालतोय.

मी अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करते, खाली शब्द लिहिते. मोबाईलचा कीबोर्ड "शे" (आहे) लिहिलं की "शेत" सुचवतो, "माले" (मला) लिहिलं की "माल". आमच्या भाषेचं लिखाण आधीच नेटवर चिमूटभर आहे. जे आहे ते तुमच्यासारख्यांच्या कपाटात, साड्यांखाली, अशा फॉन्टमध्ये की जो दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही. तुमच्या मशीनला नेट लावा नाहीतर लावू नका, पण फाइली युनिकोडमध्ये काढा.

टायपिंगवाले_नाना

या पोरीचं बरोबर आहे. मी तीस वर्षं टायपिंग शिकवलं, आधी खडखडाटी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर, म्हणून जरा समजावून सांगतो.

जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर नसतंच. फाईलमध्ये इंग्रजी अक्षर असतं, फॉन्ट त्याला मराठीचं कातडं घालतो. कातडं काढलं की खाली इंग्रजी. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, म्हणून फॉन्ट बदलला तरी क हा क-च राहतो.

मग जुन्याचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर का चुकतो? कारण क्रम. टाइपरायटरच्या चालीवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, ती डावीकडे दिसते म्हणून. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट, जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये र आधी. म्हणजे नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, रांगही उलटवावी लागते. साध्या मजकुरात जमतं. "कीर्तिकर" किंवा "पूर्ति" असलं काही आलं की रांगेत ढकलाढकली.

विद्यार्थ्यांना मी सांगायचो, चूक नावात झाली तर ती चूक नाही, तो अपमान आहे.

शहादा_गुरुजी

नाना, यासाठीच म्हणतो. युनिकोडला आलं की कोणतंही सिस्टिम चालतं. मग मिंट...

पारोळा_ताई

गुरुजी, तुम्ही कीर्तनातसुद्धा मिंटच सांगत असाल.

पुणेकर_झालो_पण

दादा, एक सोपा मार्ग. मशीन राहू द्या तसाच. फाइली एकदा पीडीएफ करून ठेवा, पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो. निदान डोळ्यांना वाचता येईल. शोधता येणार नाही, पण चिवडा तरी होणार नाही.

धुळ्याची_नात

हे २००६ मध्ये कोणी सांगितलं असतं तर. हो, पीडीएफ आधी. दोनशेही झाल्या तरी चालतील. युनिकोड मग हळूहळू.

डीटीपीवाला_अमळनेर

चार दिवस गप्प होतो. रागावलो नव्हतो, लग्नतिथी होती.

ताई, नात, नाना, तुमचं ऐकून २०११ ची एक पत्रिका काढली. आधी पीडीएफ केली, ती झाली. मग मोबाईलवरच्या एका कन्व्हर्टरमध्ये मजकूर टाकला. वेलांट्या बऱ्यापैकी बसल्या, नाना. पण "समस्त वऱ्हाडी मंडळी"चं झालं "वर्हाडी". "सोयऱ्याधायऱ्यांसह" होतं, ते "सोयर्याधायर्यांसह". अर्ध्या र ची सगळीकडे वाट लागली.

एक सांगतो. तुमचा मुद्दा फाइलींबद्दल मी मान्य करतो. मशीनबद्दल नाही. या फाइली काढतोय त्याही याच मशीनवर, कारण पेजमेकर दुसरीकडे नाहीच. म्हणजे तो भंगारात गेला असता तर आज काढायला काही उरलंच नसतं.

भुसावळ_प्लॅटफॉर्म_३

हे मात्र बरोबर बोलून राह्यला. काढून होईपर्यंत तरी त्याला उन्हात टाकू नको.

पारोळा_ताई

आणि कपाटातली हार्डडिस्क दुसऱ्या घरी ठेवा. आमच्याकडे नको, बहिणीकडे ठेवा.

शहादा_गुरुजी

दादा, सोपं आहे. वर्डमध्ये किंवा रायटरमध्ये एकदाच बदला. "र्ह" शोधा, "ऱ्ह" घाला. "र्य" शोधा, "ऱ्य" घाला. सगळं एका क्लिकमध्ये.

टायपिंगवाले_नाना

गुरुजी थांबा. एका क्लिकमध्ये नको.

डीटीपीवाला_अमळनेर

नाना, उशीर झाला. केलं मी.

"मंगल काऱ्यालय" झालं. आणि वरपिता सूऱ्यवंशी.